महाडला जाता, मग पाल्याची लेणी का टाळता?

२० मार्चला चवदार तळ्याला वंदन करून आपली मंडळी लगेच परतीची एस.टी. गाठतात. महाडजवळच, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात गंधारपाल्याची बुद्धलेणी आहेत. ती पाहिलेली कुटुंबे आम्हांला फार थोडी भेटतात.

पायऱ्या चढून वर गेलो की खाली गांधारी आणि सावित्रीचे खोरे दिसते. पण आम्ही थांबतो ते शिलालेखापाशी. सुमारे १८०० वर्षांपूर्वी कुमार काणभोज विष्णुपालिताने लेणे, चैत्यगृह, ८ खोल्या आणि दोन बाजूंना २ पोढ्या दान दिल्याचे त्यात कोरले आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. पाणी दान देऊन ते दगडात नोंदवणारा हा मुलूख. आणि याच मुलखात १९२७ साली बाबासाहेबांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला! मुलांना आधी पोढी दाखवावी, मग तळे, असे आम्हांला वाटते.

वेळ असेल तर सावित्रीपलीकडे कोलची लहान लेणी आहेत. वाट गावकऱ्यांना विचारावी. मार्चचे ऊन कडक असते. प्यायचे पाणी घरूनच न्यावे, पोढीतले पिऊ नये. आणि भिंतीवर आपली नावे कोरू नयेत.