करुणेला प्रज्ञेची जोड : मोबाइलवरील प्राण्यांच्या चित्रफिती आणि आपण

विहिरीत पडलेल्या कुत्र्याच्या पिलाला वर काढणारा तरुण, अजगराच्या विळख्यातून सोडविलेले मांजराचे पिलू, पुंगीसमोर डोलणारा नाग, माणसाच्या बोटाला बिलगलेले माकडाचे पोर. अशा चित्रफिती आज घरोघरीच्या मोबाइलवर अखंड वाहत असतात. त्या पाहून मन द्रवते आणि द्रवलेले मन त्या क्षणात पुढे पाठवून देते. यात वाईट ते काय, असे कोणीही विचारील. प्राणिमात्रांविषयीची कणव ही तर आपल्या धम्माचीच शिकवण आहे.

परंतु ही कणव डोळसही असावी लागते. १९५६ च्या मे महिन्यात बीबीसीवरून केलेल्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धधम्म आपणास का प्रिय आहे हे सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता या तीन तत्त्वांचा एकत्र उल्लेख केला. प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धा व अलौकिकता यांविरुद्धची समज, असा अर्थही त्यांनी सांगितला. प्रज्ञेची साथ सुटली की करुणा ज्याची कीव करते त्याच जिवाच्या दुःखाला कशी कारण होते, हे मोबाइलच्या पडद्यावर रोज दिसते.

आग्नेय आशियातील स्लो लोरिस या निशाचर प्राण्याचे उदाहरण घेऊ. २००९ च्या सुमारास त्याची एक चित्रफीत जगभर गाजली. कोणी गुदगुल्या करते आणि हा टपोऱ्या डोळ्यांचा जीव दोन्ही हात वर करतो. त्याला मजा वाटते आहे, असा सर्वांचा समज झाला. वस्तुतः हात वर करणे हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे. त्याच्या कोपराजवळच्या ग्रंथीतून स्राव निघतो, तो लाळेत मिसळला की विषारी होतो. म्हणून भ्यालेला लोरिस हात तोंडाजवळ नेतो. त्याला पाळण्यासाठी विकणारे लोक त्याचे दात तोडून टाकतात. या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ मध्येच बंदी आली होती. तरीही ती चित्रफीत पाहून, असा प्राणी आपल्यालाही हवा, असे अनेकांनी लिहिले, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे. ज्यांनी ती कौतुकाने पुढे पाठविली, त्यांपैकी कोणालाही त्या जिवाचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते.

‘सुटके’च्या चित्रफितींचेही असेच आहे. पिलू संकटात सापडण्याआधीच कॅमेरा तेथे कसा मांडलेला होता, एवढा एक प्रश्न विचारला की पुष्कळदा सारे उलगडते. पाहणाऱ्यांची संख्या वाढली की पैसा मिळतो. म्हणून जो हात पिलाला वाचविताना दिसतो, त्यानेच ते आधी अजगरापुढे टाकलेले असते. यूट्यूबला आपल्या नियमांत अशा बनावट सुटकांना स्पष्ट मनाई करावी लागली आहे. गारुड्याचा नागही पुंगीच्या सुरावर डोलत नसतो. सापाला बाह्यकर्ण नसतात. तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर रोखून स्वतःचे रक्षण करीत असतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने यात भर घातली आहे. २०२५ च्या अखेरीस पेंचच्या जंगलालगत एक मद्यपी वाघाला थोपटून दारू पाजतो आहे, अशी चित्रफीत पसरली. ती संगणकाने रचलेली होती. तसा वाघही नव्हता आणि माणूसही नव्हता. ती खरी मानून उद्या एखादे पोर वाघाजवळ गेले तर काय होईल, याचा विचार पालकांनीच करावा.

मात्र सारेच खोटे मानणे हाही विचार नव्हे. २०२४ च्या मार्चअखेरीस वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या असल्याची वार्ता आली, ती खरी होती. जवळजवळ पंचवीस दिवसांनी तो वन विभागाच्या पिंजऱ्यात सापडला. त्या काळात ‘अफवा असेल’ म्हणून रात्री किल्ल्यात जाणेही धोक्याचेच ठरले असते. म्हणून विश्वास किंवा अविश्वास ठरविण्यापूर्वी शोध घ्यावा लागतो.

हा शोध कसा घ्यावा, हे जातकातील एका कथेत सांगितले आहे. ताडाच्या पानावर बेलफळ पडल्याचा आवाज ऐकून ससा ‘पृथ्वी फुटली’ म्हणून पळाला आणि त्याच्यामागे रानातील सारे प्राणी धावत सुटले. त्यांना थांबविणाऱ्या सिंहाने ‘पृथ्वी फुटताना कोणी पाहिली?’ असे विचारले. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले. शेवटी सिंह सशाला घेऊन मूळ जागी गेला आणि तेथे त्याला पडलेले बेलफळ दिसले.

असा सिंह वेळेवर न भेटल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळीच्या चित्रफिती देशभर फिरत होत्या. त्यांतील एक मूळची कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीची होती. मुलाला परत आणून सोडल्याचा शेवटचा भाग कापून ती पसरविली गेली. त्याच भयाच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत आलेल्या, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. आपल्याच पालघर जिल्ह्यात १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचले येथे, चोर व मुले पळविणारे आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. त्यानंतर या घटनेला धार्मिक रंग देणारे संदेश पसरले. राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची यादी जाहीर करून ते खोडून काढावे लागले. त्या गावांतील लोकांना आपल्या मुलांची काळजी होती. पिलासाठी द्रवणारे मन आणि मुलासाठी भिणारे मन एकच असते, आणि अफवा त्याच मनाला हात घालते.

म्हणून काही साध्या सवयी घरात रुजवाव्यात. हे प्रत्यक्ष कोणी, कोठे, केव्हा पाहिले, हे पाठविणाऱ्याला विचारावे. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाची खूण असेल, तर तो संदेश अनेक हातांतून आला आहे आणि पाठविणाऱ्याने तो स्वतः पाहिलेला नाही, असे समजावे. चित्रफितीतील एखादे दृश्य घेऊन गूगल लेन्सवर शोधले, तर तेच चित्र पूर्वी कोठे आले होते हे पुष्कळदा कळते. प्राण्याला दुखविणारी चित्रफीत निषेधासाठीही पुढे पाठवू नये, कारण तिचा प्रसार वाढतो. तेथेच तक्रार नोंदवावी. वन्यप्राणी संकटात दिसल्यास वन विभागाच्या १९२६, बालकाविषयी शंका आल्यास १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी पोलिसांच्या ११२ या क्रमांकावर कळवावे.

आपल्या सोपाऱ्याला ही शिकवण परकी नाही. प्राचीन शूर्पारकात समुद्रकाठी राहणाऱ्या वल्कलधारी बाहियाला लोक अर्हत समजून पूजत आणि त्यालाही ते खरे वाटू लागले होते. शंका येताच तो श्रावस्तीपर्यंत गेला. पाहिलेल्यात पाहिले तेवढेच आणि ऐकलेल्यात ऐकले तेवढेच असू द्यावे, अशा आशयाचा उपदेश भगवान बुद्धांनी त्याला केला. त्याचा आध्यात्मिक अर्थ फार खोल आहे. पण पडद्यावर काय दिसते आणि त्याखाली काय लिहिले आहे, हे वेगळे करून पाहण्याची पहिली पायरीही त्यात आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीच्या करमणुकीसाठी यात्रा काढीत, आपण त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. जिवांच्या छळातून करमणूक घेऊ नये, हे या भूमीवर दगडात कोरले गेले होते.

आपल्या विद्यालयातील मुले सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या हाती प्रथम मोबाइल येतो. त्यांनी काका-मामांना, आजी-आजोबांना आदराने ‘हे कोणी पाहिले?’ असे विचारले, तर त्यास उद्धटपणा मानू नये. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गटांत हाच प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडावा. येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीच्या करुणेला प्रज्ञेची जोड लाभो, हीच या स्मरणिकेच्या निमित्ताने मंगलकामना.