उमेदवार निवडणारा की निवडला जाणारा?

प्रतिनिधी, मीरा-भाईंदर

भाईंदरहून लोकलने मुंबईत मुलाखतीला जाणाऱ्या मराठी तरुणाच्या इंग्रजी अर्जात एक चूक सहज शिरू शकते : ‘आय होप टू सिलेक्ट’. याचा अर्थ, ‘मी निवड करीन अशी आशा आहे’. उमेदवारच निवड समितीच्या खुर्चीत जाऊन बसतो!

चुकीचे मूळ मराठीच्या सवयीत आहे. ‘अर्ज तपासणे बाकी आहे’ या वाक्यात ‘तपासणे’ हे रूप कर्तरी की कर्मणी, हे आपल्याला दाखवावे लागत नाही. इंग्रजीत बहुधा ते दाखवावेच लागते.

नियम सोपा आहे. ‘टू’नंतर ‘बी’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप : ‘आय होप टू बी सिलेक्टेड’. धातुसाधित नामासाठी ‘बीइंग’ आणि तिसरे रूप : ‘आय अ‍ॅम प्राउड ऑफ बीइंग सिलेक्टेड’. क्रिया आधीच घडली असल्यास अनुक्रमे ‘टू हॅव बीन सिलेक्टेड’ व ‘हॅविंग बीन सिलेक्टेड’. ‘नीड’चा मात्र अपवाद ध्यानात ठेवावा. ‘द फॉर्म नीड्स करेक्टिंग’ यात रूप कर्तरी असूनही अर्थ कर्मणीच आहे.

अर्ज पाठविण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : क्रिया मी करणार आहे, की माझ्याबाबत कुणी दुसरा?