थेंब घातल्यावरची वीस मिनिटं

डोळ्यांच्या दवाखान्यात, रेटिना विभागात, मी बाहुली मोठी करायचे थेंब घालते. त्यांचा परिणाम व्हायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बाकावरचं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, मला दिसतंय की चांगलं. मग हे कशाला?"

या प्रश्नाची मला भीती वाटते. मधुमेहात साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बुजतात, आणि यातलं काहीही दुखत नाही. प्राणवायूविना उपाशी पडलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्याने नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या फार नाजूक. त्या तुटल्या की डोळ्यात रक्त पसरतं.

भाजी विकणाऱ्या एक मावशी अशाच आल्या. उजव्या डोळ्यापुढे काळं जाळं. डाव्याने तक्त्याची शेवटची ओळ वाचली, पण नव्या वाहिन्या त्यातही होत्या. दोन्ही डोळ्यांना लेसर झालं. तीन बैठकांत एकेका डोळ्याच्या पडद्याच्या कडेला हजारावर ठिपके. कडेचा भाग असा भाजला की प्राणवायूची मागणी घटते आणि नव्या वाहिन्या सुकतात. अशा डोळ्यांची नजर जाण्याचा धोका लेसरने निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

महिन्याने मावशी रागावून आल्या. "दिसणं वाढलं नाहीच, उलट रात्री अंधुक दिसतंय." त्यांचं खरं होतं. लेसर आहे ती नजर राखतं, आणि त्यासाठी रात्रीची, कडेची नजर थोडी घेतं. हे मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. आता प्रत्येकाला सांगते.

पुढे डाव्या पडद्याच्या मध्याला सूज आली, तेव्हा इंजेक्शनं लागली. डोळ्यात सुई म्हटल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळा थेंबांनी बधिर करतात, आयोडीनने धुतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून औषध देतात. काही सेकंदांचं काम. त्यांना दिलेलं, व्हीईजीएफला रोखणारं बेव्हॅसिझुमॅब मुळात आतड्याच्या कर्करोगावरचं. स्वस्त असल्याने परवडतं. पण औषध ओसरलं की सूज परतू शकते, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला यावं लागतं. एका सुईनंतर न आलेली माणसं मला आठवत राहतात.

मावशी एकही तारीख चुकल्या नाहीत. परवा मुलाला घेऊन आल्या. त्याला साखर निघून आठवडाच झालेला. "मला तर सगळं दिसतंय," तो म्हणाला.

"मान वर कर," मावशी म्हणाल्या. थेंबांनंतर काही तास गाडी चालवायची नसते, हे त्यांना पाठ आहे. त्यांनी मुलाच्या मोटारसायकलची किल्ली घेऊन आपल्या पिशवीत टाकली.