खोकला कधी येतो, ते आधी सांगा

दसरा झाला की चाळीसगाव तालुक्यात कापूस घरात येऊ लागतो. भाव पडलेले असले तर तो घरातच मुक्काम करतो. 2022-23च्या हंगामात चांगल्या भावाच्या आशेने खान्देशातल्या शेतकऱ्यांनी महिनोन्‌महिने कापूस घरात साठवून ठेवला होता. पहाटेचा गारवा, फुललेलं गाजरगवत, चुलीतल्या पऱ्हाट्यांचा धूर, फटाके हे सगळंही याच सुमारास जमून येतं. आणि दवाखान्यात एखादी आई सांगू लागते, "पोऱ्याले रातले खोकला येस, छाती भरी येस."

सर्दी-तापानंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला तर त्यात नवल नाही. पण चौदा-पंधरा वर्षांचं पोर चार आठवड्यांनंतरही खोकतच असेल, तर सिरपची तिसरी बाटली आणण्याआधी खोकल्याची वेळ नोंदवावी. माझ्या मते एक्स-रेच्या आधीची ही तपासणी आहे, आणि ती फुकट आहे.

रात्री दोन-तीनला किंवा पहाटे येणारा, मैदानावर धावताना किंवा धावून थांबल्यावर उसळणारा, हसताना येणारा कोरडा खोकला आणि सोबत आवळल्यासारखी छाती म्हणजे पहिला संशय दम्याचा. छातीत शिट्टी वाजलीच पाहिजे असं नाही. काहींचा दमा फक्त खोकतो. श्वासनळ्यांना आतून सूज असते, धूळ, परागकण, धूर किंवा थंड हवा लागली की त्या आकुंचन पावतात. घरात कुणाला दमा, मुलाला लहानपणी इसब किंवा सतत शिंका असतील तर संशय बळावतो. स्पायरोमेट्री या फुंकून करायच्या तपासणीत औषधाआधीची आणि नंतरची फुंक ताडून पाहतात. दोन्हींत चांगला फरक पडला तर निदान पक्कं होत जातं, मात्र बरं वाटत असताना केलेली तपासणी साफ येऊ शकते.

दमा हा शब्द घरात कुणाला नको असतो, म्हणून 'अॅलर्जीचा खोकला' म्हणून वर्षं काढली जातात. 'पंपाची सवय लागते' ही भीती तर घराघरात आहे. प्रत्यक्षात पंपातून औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून गोळीच्या मानाने फार थोडं पुरतं. हा पंप आला तोही एका मुलीच्या प्रश्नातून. 1955 साली अमेरिकेत एका औषध कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी तसा पंप बाजारात आला.

कापसाचं काय? चाळीसगावात कापडगिरणी होती, त्यामुळे कापसाच्या धुळीने छाती आवळते हे इथे नवं नाही. गिरणी कामगारांच्या त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी तो जास्त जाणवतो. घरात साठवलेल्या कापसाने मुलाला हाच आजार होतो असं म्हणता येणार नाही, पण ती धूळ दम्याला डिवचते. पोर कुठे झोपतं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगावं. खोली बदलून खोकला उतरला, तर तोही पुरावाच.

दुसरी शक्यता टाळून चालत नाही. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, उतरतं वजन, थुंकीत रक्त यांपैकी काही असेल तर क्षयरोगाची तपासणी करायलाच हवी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते, पुढे औषधंही मोफत. नोव्हेंबर 2024पासून निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला हजार रुपये मिळतात. मुलीच्या लग्नाच्या धास्तीने हे लपवणारी घरं अजून आहेत, आणि त्याची किंमत ती मुलगीच मोजते.

बाकीची कारणं थोडक्यात. आडवं झाल्यावर घशात शेंबूड उतरत असेल तर दोष नाकाचा. जेवल्यावर जळजळ आणि आंबट ढेकर असतील तर पित्ताचा. लहानपणी लस घेऊनही या वयात डांग्या खोकला होऊ शकतो, उबळीमागून उलटी होते. फायलेरियाच्या जंतूंमुळे येणारा रात्रीचा खोकला दम्यासारखाच भासतो. रक्तात इओसिनोफिल पेशी भरमसाट वाढलेल्या दिसतात आणि औषध वेगळं असतं. दिवसभर भुंकल्यासारखा खोकला आणि झोपेत पूर्ण शांतता असेल तर तो सवयीचा असू शकतो. पोर नाटक करत नसतं. चोरून ओढलेली सिगारेट हेही कारण असतं, ते विचारायला आईवडिलांनी खोलीबाहेर जावं.

धाप लागून वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील तर 108ला फोन करावा. धावताना छाती दुखून चक्कर आली तर हृदयाची तपासणी हवी. एरवी चाळीसगावच्या सरकारी दवाखान्यातून सुरुवात करावी. पुढची गरज पडली तर धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.

पंप मिळाला तरी तो नीट ओढणं राहतंच. तोंडात फवारा मारून मोकळं होणाऱ्यांचं औषध घशालाच चिकटतं. त्यासाठी स्पेसर नावाची नळी मिळते. नसली तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, फट बुजवून काम भागतं. केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999मध्ये असा घरगुती स्पेसर दम्याच्या झटक्यात बाजारातल्या स्पेसरइतकाच चालतो, हे दाखवलं. एका वेळी एकच फवारा, मग संथ श्वास. आणि पंपात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.