हिमप्रदेशांतील शेजारधर्म

जपान म्हटलें कीं टोकियोचे गगनचुंबी प्रासाद आणि बाणासारखी धांवणारी आगगाडी, एवढेंच चित्र आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभें राहतें. तें खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे. २०२४ सालाच्या अखेरीस जपानांत सुमारें ३७ लक्ष ६९ हजार परदेशी रहिवासी होते. त्यांत आपल्या देशाचे सुमारें ५४ हजार. यांतील पुष्कळ जण शहरांत राहतात. तथापि कोणी शाळेंत इंग्रजी शिकविण्यासाठीं, कोणी कारखान्यांत, कोणी वृद्धांच्या शुश्रूषेसाठीं, असे खेडोपाडींही जाऊन राहिले आहेत. आपल्या घरांतील मुलें-मुली जपानी भाषा शिकून तिकडे जाऊं लागलीं असतां, तेथील खेड्यांत नित्याचा संसार कसा चालतो हें वडील मंडळींस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

आमची एक पुतणी नीगाता प्रांतांतील तोकामाची या भागांत शाळेंत साहाय्यक शिक्षिका आहे. तिच्या बिऱ्हाडीं आम्ही कांहीं महिने राहून आलों. पुढील हकीकत बहुतांशीं त्या वास्तव्याची आहे.

तोकामाची हें शिनानो नदीच्या कांठीं, डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. सैबेरियाकडून येणारे थंड वारे वाटेंतील समुद्रावरून बाष्प उचलतात, आणि डोंगर आडवे आले म्हणजे तेंच बाष्प हिमरूपानें खालीं येतें. हिवाळ्यांत येथें पुरुषभर, कधीं त्याहूनही उंच थर सांचतो. म्हणून पुष्कळ घरांचा तळमजला पक्क्या सिमेंटचा, राहण्याची जागा त्याच्या वर, आणि छपरें चांगलीं उतरतीं. रस्त्याच्या मध्यावर नळ्या बसविलेल्या असतात. त्यांतून भूगर्भांतील पाणी फवारून बर्फ वितळवितात. छपरावरचें बर्फ लोटतांना जपानांत दर हिवाळ्यांत कांहीं वृद्ध माणसें पडून दगावतात. त्यामुळें एकट्यानें छपरावर चढूं नये असें तेथें पुनःपुन्हां बजावतात. घरांत रॉकेलची शेगडी असेल तर मधून मधून खिडकी उघडावी, हेंही नवख्यास सांगावें लागतें.

परक्या माणसाची पहिली परीक्षा मात्र थंडी घेत नाहीं, कचरा घेतो. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद, प्रत्येकाचा वार ठरलेला. चुकीच्या दिवशीं ठेवलेली पिशवी तेथेंच राहते, आणि ती कोणाची हें साऱ्या आळीस कळतें. शिकोकू बेटावरील कामिकात्सु या गांवानें २००३ सालीं कचरा निःशेष करण्याची प्रतिज्ञा केली, आणि तेथील ४५ प्रकारांचें वर्गीकरण पुढें जगभर प्रसिद्ध झालें. सगळींच गांवें इतकीं कडक नाहींत. परंतु वृत्ति सर्वत्र तीच.

दुसरी गोष्ट फिरत्या पाटीची. तिला ‘काइरानबान’ म्हणतात. आळीच्या मंडळाचीं पत्रकें एका पुठ्ठ्यास अडकवून घरोघर फिरवितात. आपण वाचावें, खूण करावी, आणि पुढच्या दारीं नेऊन द्यावें. आमची पुतणी नवी असतांना ही पाटी तिच्या घरीं तीन दिवस पडून राहिली. अक्षरें वाचतां येईनात, आणि तें सांगावयास संकोच वाटे. चौथ्या दिवशीं शेजारच्या वृद्ध आजीबाई दारीं आल्या. आंत पाट साफ करण्याचा दिवस कळविलेला होता. पुढच्या पांच घरांस तो कळलाच नव्हता. आजीबाई रागावल्या नाहींत. त्यांनीं पायऱ्यांवर बसून तें पत्रक बोट ठेवून वाचून दाखविलें. पुढें प्रत्येक पाटी आली कीं दोघी ती एकत्र वाचीत. “काका, माझी खरी शाळा ती,” असें पुतणीनें आम्हांस सांगितलें. त्या रविवारीं तीही फावडें घेऊन पाट उपसावयास गेली. तेव्हांपासून दाराशीं काकड्या आणि मुळे येऊन पडूं लागले.

या देवघेवीचें महत्त्व तेथील परिस्थिति पाहिल्यावांचून कळत नाहीं. तरुण माणसें शहरांत गेलीं, आणि मागें राहिलेल्यांचीं वयें वाढलीं. २०२३ सालच्या पाहणींत जपानभर सुमारें ९० लक्ष घरें रिकामीं आढळलीं. कित्येक गांवें तीं स्वस्तांत देऊं करतात, व परदेशी लोक हौसेनें घेतात. पण घर घेणें सोपें. गवत कापणें, पाट उपसणें, बर्फ लोटणें या कामांस हात लागतात, आणि गांवास हवे आहेत ते हे हात. जो हें ओळखतो तो रहिवासी होतो. न ओळखणारा दहा वर्षें राहूनही पाहुणाच राहतो.

सरकारी बाबी त्या मानानें सरळ आहेत. नव्या घरीं आल्यापासून चौदा दिवसांत नगरकचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्यास आरोग्यविमा आवश्यक असून, औषधपाण्याच्या खर्चाचे शेंकडा ३० सामान्यतः रुग्णानें द्यावयाचे असतात. बसगाड्या थोड्या असल्यानें मोटार हांकतां आलेली बरी. रहदारी आपल्यासारखीच डावीकडून आहे. शाकाहारी कुटुंबांस सूचना इतकीच, कीं तेथील बहुतेक रश्शांत माशाचा अर्क असतो. येथील प्रसिद्ध ‘हेगी सोबा’ ही शेवई समुद्री शेवाळ घालून मळतात. तिच्या सोबतची आमटी मात्र विचारून घ्यावी. भात उत्तम, आणि वसंतांत मिळणाऱ्या रानभाज्या त्याहून उत्तम.

आतां प्रेक्षणीय स्थळांकडे वळूं. मे महिन्यांत डोंगरउतारावरील भातखाचरें पाण्यानें भरलीं म्हणजे होशितोगे येथें पहांटे आकाशच खालीं उतरल्याचा भास होतो. तीं खाचरें शेतकऱ्यांची मिळकत आहे. बांधांवर पाय देऊं नये. कियोत्सु दरींतील बोगदा, मात्सुनोयामाचे उष्णोदकाचे झरे, आणि पदार्थसंग्रहालयांतील सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींचीं ज्वालाकृति मातीचीं भांडीं, हीं सर्व एका टापूंत आहेत. ही भांडीं १९९९ सालीं राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालीं. वाटेवर लाल लाळेरें बांधलेली ‘जिझो’ची दगडी मूर्ति दिसेल; ती आपल्या संस्कृत ग्रंथांतील बोधिसत्त्व क्षितिगर्भ होय. तळ्याकांठीं पूजिली जाणारी ‘बेन्झाइतेन’ ही तर प्रत्यक्ष सरस्वती.

सन २००० पासून या भागांत बहुधा दर तीन वर्षांनीं एचिगो-त्सुमारी हा मोठा कलामहोत्सव भरतो. ओस घरांत आणि बंद शाळांत कलाकृति मांडतात. त्यांतील एका शाळेनें आम्हां मास्तरास फार वेळ थांबविलें. सानादा येथील प्राथमिक शाळा विद्यार्थ्यांअभावीं बंद पडली. २००९ सालीं चित्रकार ताशिमा सेइझो यांनीं तिचें चित्रकथांचें संग्रहालय केलें. शाळेंतील अखेरचे तीन विद्यार्थी हेच त्या कथेचे नायक असून, लांकडाच्या आकृतींनीं सारी इमारत भरली आहे.

दुसरी बंद शाळा पाहून तर अधिकच आश्चर्य वाटलें. १९८२ सालीं स्थापन झालेलें मिथिला म्युझियम तिच्यांत आहे. तेथें मिथिलेच्या चित्रांबरोबर आपल्या डहाणूकडील वारली चित्रेंही आहेत. पद्मश्री जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं येथें येऊन चित्रें काढलीं. आमच्या मुलुखांतील भातलावणीचीं चित्रें त्या बर्फाळ डोंगरांतील शाळेच्या भिंतींवर पाहतांना परकेपणा उरला नाहीं.

ज्यांचीं मुलें-मुली तिकडे जाणार असतील, त्यांनीं निघण्यापूर्वीं त्यांस स्वतःचा केर निवडण्याची, आणि वाचतां न आल्यास निःसंकोच विचारण्याची संवय लावावी. पुढें पत्र लिहितांना पगार, प्रकृति आणि हवापाणी यांची चौकशी करावी. परंतु शेजारीं कोण राहतें, आणि त्यांच्या छपरावरचें बर्फ कोण काढतें, हेंही अवश्य विचारावें.