फाटक उघडले, वसतिगृहाच्या कुलपाचे काय?

२० ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील विद्यापीठांची व महाविद्यालयांची फाटके पुन्हा उघडली. त्याआधी १५ फेब्रुवारी २०२१ रोजी ती पन्नास टक्के उपस्थितीच्या अटीवर एकदा उघडली होती. पण दुसऱ्या लाटेने काही आठवड्यांतच ती बंद पाडली. ऑक्टोबरमधली अट वेगळी होती. १८ वर्षांवरील विद्यार्थ्याने लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या असतील, तरच वर्गात प्रवेश! ऐकायला ही अट अगदी रास्त वाटते. रोगराईच्या काळात खबरदारी नको, असे कोण म्हणेल? आम्हीही म्हणत नाही. परंतु एखादा नियम कागदावर सर्वांना सारखा असला, म्हणजे तो सर्वांना सारखाच झेपतो असे नाही, हे आमच्या समाजाइतके या देशात दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

वाचक विचारतील, आता हे कशाला उकरून काढता? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, माणसे आपापल्या कामाला लागली. उकरण्याचे कारण असे की, पुढची साथ येईल तेव्हा सरकारी कपाटातून हेच परिपत्रक बाहेर निघेल. तारीख तेवढी बदलेल. म्हणून त्यातल्या चुका आजच, शांत डोक्याने पाहिल्या पाहिजेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये विद्यापीठे उघडण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तोंडाला मास्क, सहा फुटांचे अंतर, फाटकावर तापमान तपासणी, एका वेळी निम्म्याहून जास्त विद्यार्थी नकोत, संशोधक आणि अंतिम वर्षाचे विद्यार्थी आधी. वसतिगृहांबाबत मात्र लिहिले होते की, ती गरज असेल तिथेच उघडावीत आणि एका खोलीत एकच विद्यार्थी ठेवावा. डॉक्टरांच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण ज्या वसतिगृहात एका खोलीत चारजण राहतात, तिथल्या शंभर मुलांपैकी पंचवीस आत राहणार. उरलेल्या पंचाहत्तरांनी कुठे जायचे? याचे उत्तर त्या कागदात नव्हते. शहरात ज्याचे घर आहे, त्याला हा प्रश्न पडतच नाही. ज्याचे घर पन्नास कोसांवर आहे, बाप दुसऱ्याच्या शेतावर किंवा ऊसतोडीला आहे, त्याचे सारे शिक्षण या एका प्रश्नावर अडते.

निम्म्या उपस्थितीचेही तसेच. दिवसाआड वर्ग ठेवला की गर्दी कमी होते, हे खरे. पण खेड्यातून आलेल्या मुलाला दिवसाआड खोली भाड्याने मिळते काय? खानावळवाला अर्ध्या महिन्याचे पैसे घेऊन डबा देतो काय? वर्ग निम्मा झाला, खर्च मात्र पुराच राहिला.

त्या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. वर्ग सुरू झाल्याचा निरोप त्याला मोबाईलवर मिळाला. तो आला, तर वसतिगृहाला कुलूप. ‘पुढील आदेशापर्यंत बंद’ अशी पाटी. त्याची पुस्तके, गादी, पेटी मार्च २०२० पासून आत अडकलेली. अकरा रात्री तो एका वस्तीतल्या बुद्धविहारात झोपला. आम्हाला म्हणाला, “जयभीम साहेब. महाविद्यालय म्हणते वसतिगृह आमच्याकडे नाही. वसतिगृह म्हणते वरून आदेश नाही. मग मी अर्ज कोणाला करू?” आम्ही दोघांनाही अर्ज लिहून दिला. कुलूप उघडले, पण तोवर महिना गेला. फाटकावर त्याचे तापमान रोज तपासले जात होते. तो रात्री कुठे झोपतो, हे मात्र कोणी एकदाही विचारले नाही.

समाजकल्याण खात्याची अनेक वसतिगृहे त्या काळात विलगीकरणासाठी घेण्यात आली होती. रुग्णांसाठी ती दिली, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच की, घेताना एका दिवसात आदेश निघतो, मग परत देताना का निघत नाही? बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. नुसती शाळा उघडी असून भागत नाही, मुलाला तिथे राहता आले पाहिजे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आमच्या शासनाला ते अजून ओळखता आलेले नाही.

आता लसीकडे वळू. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण १ मे २०२१ पासून सुरू झाले. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर ठेवायचे होते. साधा हिशेब करा. २० ऑक्टोबरपासून ८४ दिवस मागे गेलो की २८ जुलै येतो. म्हणजे ज्याला कोविशील्डची पहिली मात्रा २८ जुलैनंतर मिळाली, त्याची दुसरी मात्रा महाविद्यालय उघडण्याच्या दिवशी होणे शक्यच नव्हते. यात त्याचा दोष काय? मे-जूनमध्ये लसीचा तुटवडा होता आणि नोंदणी संकेतस्थळावर होती. ज्याच्या हातात चांगला मोबाईल आणि गावात नेटवर्क, त्याला आधी लस. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात नेमके यावरच बोट ठेवले होते. या वयोगटाचे लसीकरण केवळ संगणकीय नोंदणीवर सोपवले, तर वंचित घटक मागे पडतील, असा त्याचा आशय. न्यायालयाने जी दरी दाखवली, तीच दरी पुढे महाविद्यालयाच्या फाटकावर आणून उभी केली गेली.

महाविद्यालयांतूनच लस देण्याची ‘मिशन युवा स्वास्थ्य’ ही मोहीम शासनाने काढली, हे चांगलेच झाले. पण ती सुरू झाली २५ ऑक्टोबरला, फाटक उघडल्यानंतर पाच दिवसांनी! अट आधी आणि सोय नंतर! वास्तविक क्रम उलटा हवा होता. मुंबईत तर दोन्ही मात्रा होऊन १४ दिवस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. ग्रामीण भागात ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या न्याय्य होत्या. आमच्या समाजातलेही कितीतरी त्यात होते. पण एसटी नसताना तालुक्याच्या महाविद्यालयात मुलीने जायचे कसे, याचा विचार कोणत्या परिपत्रकात होता?

खबरदारीतही शास्त्र किती आणि दिखावा किती, हे तपासले पाहिजे. तापमापक यंत्र तापच दाखवते. ज्याला लक्षणेच नाहीत, तो त्यातून सहज निसटतो. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका, असे केंद्रीय आरोग्य खात्याने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते. हा विषाणू बंद खोलीतल्या हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे खरी गरज उघड्या खिडक्यांची, हवेशीर वर्गांची आणि वाहत्या पाण्याची. आणि हे सारे स्वच्छ ठेवणारा कोण? कंत्राटावरचा सफाई कामगार. तो बहुतेक आमचाच बांधव असतो. रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने ५० लाखांचा विमा काढला; विद्यापीठाचे संडास धुणारा त्यात बसत नव्हता. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी ज्याने आपला जीव धोक्यात घातला, त्याच्या सुरक्षिततेचे कलम कुठे आहे?

वकील म्हणून आम्ही कायद्याचे बोलतो. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात न्या. एल. नागेश्वर राव व न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कलम २१ नुसार कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. समाजाच्या आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण ते धोक्याच्या प्रमाणात असले पाहिजेत, हे त्याचे सार. या निकालाचा आधार घेऊन लसीविरुद्ध बोलणाऱ्यांत आम्ही नाही. लस घ्यावी, घरच्यांनाही द्यावी. आमचा मुद्दा एवढाच की, निर्बंध घालणाऱ्यावर सोय करण्याची जबाबदारी आधी येते. कलम ४६ ने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक हितांची विशेष काळजी घ्यायला राज्याला सांगितले आहे. साथीच्या काळात हे कलम रजेवर जात नाही.

कोरोनात वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या धास्तीने इंग्रजांनी केलेला. त्यात अधिकार सगळे सरकारला. रुग्णाच्या वा गरिबाच्या हक्काचा विचार त्यात नाही. त्याच वर्षी, त्याच प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी पुण्याजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णसेवा केली. आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, स्वतः प्लेगला बळी पडल्या. १० मार्च १८९७ हा त्यांचा स्मृतिदिन. एकाच सालचे हे दोन वारसे आहेत. एक माणसाला बाहेर ठेवून साथ रोखतो, दुसरा त्याला उचलून आत आणतो. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ पासून माईंचे नाव आहे. राज्यातील सर्वच विद्यापीठांनी यातला कोणता वारसा चालवायचा, ते ठरवावे.

आमच्या मागण्या फार नाहीत. वर्ग ज्या दिवशी उघडेल, त्याच दिवशी वसतिगृह उघडले पाहिजे. एका खोलीत एक हा नियम असेल, तर उरलेल्यांची पर्यायी सोय किंवा खोलीभाडे परिपत्रकातच लिहिलेले असावे. प्रमाणपत्र मागण्याआधी लस दारात आणावी. मोबाईल नसलेल्याला कागदावर नोंदणीचा मार्ग असावा. सफाई कामगाराला मास्क, हातमोजे आणि विमा पहिल्या दिवसापासून मिळावा. आणि हे नियम करणाऱ्या समितीत वसतिगृहाचा एक विद्यार्थी व एक सफाई कामगार असावा.

विद्यार्थी संघटनांनी हे काम आजच हाती घ्यावे. आपल्या विद्यापीठाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका: २०२१ मध्ये वर्ग कधी उघडले, वसतिगृह कधी उघडले? या दोन तारखांमध्ये जेवढे दिवस असतील, तेवढे दिवस आमची मुले शिक्षणाबाहेर होती. तो आकडा हातात आला की पुढच्या साथीत हेच परिपत्रक तसेच्या तसे काढण्याची हिंमत कोणी करणार नाही.