उन्हाळ्यात गाडी का ओढत नाही?

मे महिन्यात विदर्भात पारा 45 अंशांवर गेला की ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार सुरू होते. मग प्लग बदलले जातात, पेट्रोलवर संशय घेतला जातो, टाकीत कसली कसली औषधे ओतली जातात. तक्रार खोटी नसते, पण पुष्कळदा दोष इंजिनात नसून हवेत असतो. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. पेट्रोल गाडीतल्या पंपाने हवे तेवढे पुरवता येते, हवा मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढीच येते आणि तापलेली हवा विरळ असते. समुद्रसपाटीला 15 अंश तापमानात एक घनमीटर कोरड्या हवेचे वस्तुमान 1.225 किलो असते. 45 अंशांना ते 1.11 किलोच्या आसपास उतरते. म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू नऊ टक्क्यांनी कमी.

ताकद मात्र त्याच प्रमाणात घटत नाही, कारण थंड हवासुद्धा इंजिनाच्या गरम भिंतींना लागून आत शिरता शिरता तापतेच. इंजिनांच्या चाचण्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक 25 अंश तापमान प्रमाण धरते. त्यातील सूत्राने हिशेब केला, तर टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची कमाल ताकद 45 अंशांना सुमारे चार टक्क्यांनी कमी भरते. चार टक्के कोणाला जाणवणार, असे कोणी म्हणेल. एकटे चार टक्के जाणवणारही नाहीत, पण ते एकटे येत नाहीत. त्याच वेळी एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडूनच ताकद घेत असतो. रहदारीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा जास्त तापलेली असते. शिवाय गरम मिश्रण वेळेआधी भडकून इंजिन ठोके देऊ नये म्हणून संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो, त्यातही जोर जातो. छोटे इंजिन, चार माणसे आणि समोर घाट असला की ही सगळी वजाबाकी पायाखालच्या ॲक्सिलरेटरवर कळते.

आजच्या गाड्यांतला संगणक हे सांभाळून घेतो, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. सेन्सर हवेचा अंदाज घेतात आणि त्या मापाने पेट्रोल कमी सोडले जाते. मिश्रण त्यामुळे बरोबर राहते, पण नसलेली हवा संगणक आणणार कुठून? टर्बो हवा दाबून भरतो खरा, पण दाबताना ती तापते. तिला निववणारा इंटरकूलर बहुतेक गाड्यांत बाहेरच्याच हवेवर चालतो, म्हणून तिथेही उन्हाळा आडवा येतो.

मग थंडी इंजिनाला मानवते असे म्हणावे, तर ॲव्हरेजचा हिशेब उलटा निघतो. रोजच्या चालवण्यात पूर्ण ताकद क्वचितच लागते. हवा विरळ असली तर आपण ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबतो, हवेची झडप जास्त उघडते आणि अरुंद फटीतून हवा ओढण्याचे इंजिनाचे कष्ट उलट कमी होतात. गाडीला होणारा वाऱ्याचा विरोधही घटतो. उन्हाळ्यात ॲव्हरेज पडते ते मुख्यतः एसीमुळे. थंडीत मात्र ऑइल घट्ट होते आणि इंजिन तापेपर्यंत जादा पेट्रोल जाते. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीनुसार शहरात उणे 7 अंशांना ॲव्हरेज 25 अंशांच्या तुलनेत सुमारे 15 टक्क्यांनी कमी मिळते. डिझेल तर कडाक्याच्या थंडीत गोठू लागते. म्हणूनच 2019 मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले.

तेव्हा उन्हाळ्यात गाडी मंदावली म्हणून लगेच खर्चात पडू नये. एअर फिल्टर आणि कूलंट तपासावे, आणि पहाटेच्या गारव्यात एसी बंद ठेवून तोच चढ चढून पाहावा. जोर परत आला तर दुरुस्तीची गरज नाही. पहाटेही गाडी तशीच रखडली, तर मात्र दोष इंजिनाचा समजून मेकॅनिककडे न्यावी.